शंभरातल्या एकोणऐंशी जणी

आज ज्या जागेबद्दल बोलायचं आहे, तिचं नाव आपण घरात घेत नाही. रेडिओजवळ सासरे किंवा दीर बसलेले असतील, तर काही जणींचा हात आवाज कमी करायला जाईल. राहू द्या आवाज तसाच. त्यांच्याही घरातल्या बाईची ही गोष्ट आहे.

बोलायचं आहे ते गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि त्याच्या तपासणीबद्दल. कामाची माहिती शेवटी देईनच. पण आधी इतिहास सांगते. हा इतिहास आपल्या बांधाला लागून घडलाय आणि आपल्यालाच तो कुणी नीट सांगितलेला नाही.

आरोग्याच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काय करणार, आपल्या भागातल्या बाया तपासणीला येतच नाहीत. लाजतात." मुखेडला ऐका, निलंग्याला ऐका, वाक्य तेच. ऐकून ऐकून आपणही ते म्हणायला लागलो. तर या वाक्याचा हिशोब एकदा मांडू. १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठं काम सुरू झालं. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाखाहून जास्त बायांना याच तपासणीचं बोलावणं गेलं. त्यातल्या शंभरातल्या एकोणऐंशी जणी आल्या.

धाराशिव काही परका मुलूख नाही. १९८२ सालापर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. औसा-निलंग्याच्या लेकी उमरगा-लोहाऱ्याला दिलेल्या आहेत, तिकडच्या इकडे आलेल्या आहेत. १९९३ चा किल्लारीचा भूकंप दोन्हीकडच्या गावांनी सारखाच सोसला. नांदेड जरा लांब पडतं, पण तीच निजामशाही, तीच बोली, तोच डोक्यावरचा पदर. तिथल्या बाया आल्या म्हणजे आपल्यासारख्याच बाया आल्या.

आता मुळापासून.

आपल्या बोलीत या दुखण्यांना धड नावंच नाहीत. "अंगावरून पांढरं जातंय", "लाल जातंय", "पिशवीला सूज आहे", एवढ्यात सगळं आलं. सासूला सांगितलं तर ती म्हणते, बाईच्या जातीला हे असायचंच. डॉक्टर पुरुष असला तर त्याला कंबर दुखते एवढंच सांगायचं आणि गोळ्या घेऊन यायचं. या गप्प बसण्याचं माप पहिल्यांदा नीट काढलं ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात आले. शंभरातल्या ब्याण्णव बायांना आतलं काही ना काही दुखणं होतं. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या किती, तर शंभरात आठ. तोवर दिल्लीपासून गल्लीपर्यंत बाईचं आरोग्य म्हटलं की बाळंतपण आणि ऑपरेशन, इतकंच मोजलं जायचं. बाळंतपण सोडूनही बाईला शरीर असतं, हे कागदावर यायला १९८९ साल उजाडावं लागलं.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मात्र नुसत्या गप्प बसण्यानं जीव घेतो. तो हळू वाढतो, दहा-पंधरा वर्षं लागतात. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. नुसते पेशींमध्ये बदल होतात. त्या काळात तो सापडला तर गावाजवळच्या दवाखान्यात पाव तासात त्याचा बंदोबस्त होतो. दिसायला लागल्यावर, म्हणजे रक्त जायला लागलं, वास यायला लागला, की मग मुंबई, सोलापूर, हैदराबादच्या वाऱ्या सुरू होतात आणि जमीन गहाण पडते.

तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. इथंच लोकांचे कान टवकारतात. कुणाला हा कॅन्सर निघाला की कुजबूज सुरू होते, हिचंच काहीतरी वाकडं पाऊल पडलं असेल. तर स्पष्ट सांगते. संबंध येणाऱ्या बहुतेक सगळ्याच माणसांना, बायांना आणि पुरुषांना, आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो. बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या बायांच्या अंगात तो टिकून राहतो, त्यातल्या काहींना पुढं कॅन्सर होतो. जिनं जन्मात नवऱ्याशिवाय कुणाकडं पाहिलं नाही, तिलाही तो होतो. नवऱ्याच्या अंगात विषाणू असून त्याला मात्र काहीच जाणवत नाही. चारित्र्याचा दाखला म्हणून हा आजार वापरणाऱ्याला आजारही कळलेला नाही आणि बाईही.

हा आजार ओळखायची साधनं कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. नर्सबाई आत बघायला चोचीसारखं जे यंत्र वापरतात, त्याला स्पेक्युलम म्हणतात. अशी यंत्रं फार जुन्या काळापासून आहेत, पण आजच्यासारखं वापरणं सुरू झालं ते १८४५ च्या सुमारास, अमेरिकेत. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरनं आधी चक्क एक वाकवलेला चमचा वापरला होता. पुढं त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा बाप म्हटलं गेलं. त्यानं हे प्रयोग केले ते गुलाम म्हणून विकत घेतलेल्या काळ्या बायांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा. त्यातल्या तिघींची नावं टिकली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. त्यांना नको म्हणायची सोय नव्हती.

नंतर न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरनं पेशी काचेवर पसरून दुर्बिणीखाली बघायची पद्धत काढली. पॅप तपासणी म्हणतात ती हीच. १९२८ साली त्यानं ती मांडली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४३ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ती जगभर गेली. या तपासणीसाठी वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगातले नमुने देत राहिली ती त्याची बायको. तपासणीला नाव नवऱ्याचं पडलं. मग १९८३-८४ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या कॅन्सरमागचे एचपीव्हीचे मुख्य प्रकार शोधून काढले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू सापडला, म्हणून तो शोधणारी तपासणीही करता आली.

मैत्रिणींनो, ही सगळी साधनं तोवर शहरातल्या आणि श्रीमंत देशांतल्या बायांसाठी होती. आपल्याकडे ती कशी चालतील, चालतील तरी का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळलं बार्शीला.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. लातूरहून पूर्वी छोटी रेल्वे बार्शीला जायची, ती आठवणाऱ्या आज्या अजून आहेत. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. १९८७ साली या हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या साथीनं बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. डॉ. बी. एम. नेने हे या कामातलं मुख्य नाव. ग्रामीण भारतातली ही पहिली कॅन्सर नोंदणी. शहरात अशी नोंद दवाखान्यांच्या कागदांवरून होते. इथं अडचण अशी की बाई दवाखान्यात गेलेलीच नसायची, मग कागद कुठला? ती घरातच जायची, आणि लोक म्हणायचे, "अंगावरून जात होतं, खंगली आणि गेली."

म्हणून मग नोंदणीची माणसं गावोगाव फिरायला लागली. गावात बसायचं, चार माणसांशी बोलायचं, बैठक घ्यायची, कॅन्सरची लक्षणं काय ते सांगायचं, कुणाला तसं आहे का विचारायचं आणि असेल तर दवाखान्यात आणायचं. यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, या भागातल्या बायांच्या कॅन्सरमध्ये पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत वर होता. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसतं बोलण्यानं, नुसत्या बैठकांनी, काही वर्षांत बाया लवकर यायला लागल्या. आजार पुढं जायच्या आत येणाऱ्या बायांचं प्रमाण वाढलं. १९९५ साली हे जगातल्या नियतकालिकात छापून आलं. त्यात यंत्र नव्हतं, औषध नव्हतं. गावात येऊन नाव घेऊन बोलणारं माणूस होतं.

या पायावर १९९९ चं काम उभं राहिलं. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्सच्या लिऑन शहरातली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी ते केलं. त्यात डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. शास्त्री आणि इतर होते. पैसा गेट्स फाउंडेशनकडून आला. प्रश्न असा होता: बाईला आयुष्यात एकदाच तपासता येणार असेल, तर कोणत्या तपासणीनं तिचा जीव वाचेल?

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार भागांत वाटणी केली, प्रत्येक भागात १३ गट. सगळ्या मिळून १,३१,७४६ बाया. पहिल्या भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए. व्हीआयए म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि डाग पांढरा पडतो का ते बघायचं. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली असते ना, त्यात हेच असतं. चौथ्या भागात काहीच तपासणी नाही. त्याबद्दल पुढं बोलते.

बाईला बोलवायला बाईच जायची. घरी जाऊन कशासाठी ते सांगायची, तिची संमती घ्यायची. तपासणी करणारी नर्सबाई असायची आणि ती गावात किंवा गावाजवळच व्हायची. ज्यांच्यात काही निघालं त्यांना दुर्बिणीनं तपासायचं, आणि कॅन्सरच्या आधीचे बदल असतील तर थंड गॅसनं ती जागा गोठवून किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं उपचार करायचे. बोलावणं, तपासणी, निकाल, उपचार, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. बाईला मधेच, "आता तुमचं तुम्ही बघा," म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

म्हणून शंभरातल्या एकोणऐंशी आल्या. ज्या काळी आपल्या कित्येक गावांत धड रस्ता नव्हता आणि घरात फोन नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

ज्या आल्या नाहीत त्या कोण, हेही अभ्यासलं गेलं. तरुण, शिकलेल्या, नवरा असलेल्या बाया जास्त आल्या. वयानं मोठ्या, न शिकलेल्या आणि एकट्या पडलेल्या बाया कमी आल्या. यात मला आपल्या गटांसाठी काम दिसतं. विधवा बाईला वाटतं, आता माझा त्या जागेशी काय संबंध. गावही तिला तेच शिकवतं. पण विषाणू वीस वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो आणि कॅन्सर नवरा गेल्यावर निघू शकतो. पन्नाशीतली एकटी बाई म्हणजे जिला सगळ्यांत जास्त गरज आणि जिला सगळ्यांत कमी बोलावणं.

आठ वर्षं या बायांची नोंद ठेवली गेली. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये निकाल आला. ज्या भागात काहीच तपासणी झाली नव्हती, तिथं या कॅन्सरनं ६४ बाया गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. दोन्ही भागांतल्या बायांची संख्या जवळपास सारखी, तीस हजारांच्या वर. हाताबाहेर गेलेले कॅन्सरही तसेच: एकीकडे ८२, दुसरीकडे ३९. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मरण निम्म्यावर आलं. पॅप आणि व्हिनेगरच्या तपासणीनं, एकदाच केली तर, तसा ठोस फरक दिसला नाही.

व्हिनेगरची तपासणी फुकट गेली असं मात्र समजू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वस्त्यांमधल्या दीड लाख बायांचा असाच अभ्यास केला. तिथं दहावी शिकलेल्या बायांना महिनाभर शिकवलं आणि त्यांनीच दर दोन वर्षांनी ही तपासणी केली. तिथं या कॅन्सरची मरणं ३१ टक्क्यांनी घटली. म्हणजे ती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि बघणाऱ्या बाईची नजर तयार लागते.

आता चौथ्या भागातल्या बाया. त्यांना नेहमीची व्यवस्था होती तशीच होती. तपासणी कुठं मिळते ते सांगितलं होतं, पण तपासणीचं बोलावणं त्यांना गेलं नाही. यावर पुढं बराच वाद झाला. टीका करणारे म्हणाले, तपासणीनं जीव वाचतो हे जगाला आधीपासून माहीत होतं, मग हजारो गरीब बायांना नुसतं मोजत बसणं कोणत्या नीतीत बसतं? अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, त्या काळी जिल्ह्यात ही तपासणी कुठंच होत नव्हती आणि तुलना केल्याशिवाय कोणतं साधन गावात चालतं हे कळलं नसतं. मला दोन्हींत तथ्य दिसतं, पण माझा काटा टीकेच्या बाजूला झुकतो. सरकारकडून काही मिळत नाही म्हणून संशोधकानंही काही देऊ नये, हे मनाला पटत नाही. त्या चौसष्ट जणी भूम, कळंब, तुळजापूरच्या कुठल्या तरी वाडीतल्या होत्या. त्यांच्या जाण्यातून जगाला उत्तर मिळालं, हे निदान आपण तरी विसरायला नको.

आणि जगानं उत्तर घेतलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पहिली तपासणी एचपीव्हीचीच करावी. त्यासाठी ज्या अभ्यासांचा आधार होता, त्यात उस्मानाबादचा मोठा. दुसरीही एक गोष्ट त्यांनी मान्य केली. या तपासणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. एक मऊ ब्रश किंवा कापसाची काडी असते, आडोशाला जाऊन स्वतःच आत फिरवायची, नळीत घालून द्यायची. टेबलावर झोपणं नाही, यंत्र नाही, कुणी बघणं नाही. ज्या लाजेचं इतकं नाव घेतलं जातं, तिच्यावरही तंत्रज्ञानानं वाट काढून ठेवली आहे.

बार्शीचं नाव पुढं आणखी एका कामात आलं. एचपीव्हीपासून वाचवणारी लस मुलींना देतात. तिचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघायला २००९ मध्ये देशात काही ठिकाणी अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक ठिकाण होतं, पुणे दुसरं. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये दुसऱ्या एका प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुली दगावल्या. चौकशीत ती मरणं लसीमुळे दिसली नाहीत, पण पालकांची संमती घेण्यात बरेच घोळ निघाले. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारनं असे सगळेच अभ्यास थांबवले. त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासातल्या कितीतरी मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर पुढं दहा वर्षं लक्ष ठेवलं, तर एका डोसनंही जवळपास तेवढंच संरक्षण मिळालेलं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लहान मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुली आहेत. २०२३ पासून पुण्याच्या सीरम कंपनीची स्वतःची लस बाजारात आली.

इतकं सगळं आपल्या शेजारून जगात गेलं. परत काय आलं?

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांना विचारलं, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली का? देशभरात शंभरातल्या दोघी सुद्धा पुरत्या हो म्हणाल्या नाहीत. दरवर्षी देशात सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास जातात. एकोणऐंशी आणि दोन. बाया त्याच आहेत. १९९९ साली घरी बोलावणं आलं होतं, नर्सबाई गावात होती आणि निकालानंतरची वाट तयार होती. आता आपल्याला सांगतात, सोय आहे, तुम्हीच येत नाही.

तपासणी नाही, पण कॅन्सरची भीती मात्र गावात भरपूर पोचली. तिचं काय होतं ते बीडच्या ऊसतोड बायांनी दाखवलं. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांच्या पाहणीत साडेतेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तिशी-चाळिशीतल्या. पांढरं जातं म्हणून गेल्या, आणि पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असं ऐकून घाबरून ऑपरेशनला तयार झाल्या, असं अनेकींनी सांगितलं. आपल्या अहमदपूर, कंधार, मुखेडकडूनही टोळ्या जातात, म्हणून हे लांबचं समजू नका. एका साध्या तपासणीनं ज्या बाईला "तुला काही नाही, घरी जा" असं सांगता आलं असतं, ती कर्ज काढून पोट फाडून घेते, आणि दोन महिन्यांत परत फडावर मोळ्या उचलते.

आता कामाची माहिती, थोडक्यात. सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायला हवी. ती मोफत आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईला आणि उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा. होत नसेल तर गटाच्या ठरावानिशी लेखी विचारा. एचपीव्हीची तपासणी आज मोठ्या दवाखान्यांत आणि खाजगी प्रयोगशाळांत पैसे देऊन होते. पण टीबीसाठी तालुक्याच्या दवाखान्यांत जे ट्रूनॅट यंत्र वापरतात, गोव्याच्या कंपनीचं, त्यावर चालणारी एचपीव्हीची तपासणीही आता निघाली आहे. तेव्हा यंत्रच नाही, हे उत्तर प्रत्येक वेळी ऐकून घेऊ नका.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जाणं, घाण वास येणारं पाणी जाणं, यातलं काही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच दाखवा. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलं तर एकच विचारा: तपासणीचा कागद कुठं आहे? कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी हॉस्पिटलात, दाखवा.

१९९९ साली तिशीत असलेली उस्मानाबादची बाई आज साठीच्या जवळ आली आहे. तिची लेक आज बरोबर तपासणीच्या वयाची आहे, आणि ती लेक कदाचित आपल्याच गावात नांदते आहे.

काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत चिठ्ठी टाका, ताई ती केंद्रावर आणून देतील. चिठ्ठीवर नाव लिहिलं नाही तरी चालेल.